नोंद नसलेला गवंडी

यंत्राने मिनिटभरात जगभर छापून आलेले सगळे रुग्ण-अहवाल चाळले आणि पडद्यावर अक्षरं उमटली : ‘असा आजार आजवर नोंदलेला नाही. उपचार उपलब्ध नाही.’

"म्हणजे माझी लेक पहिलीच का हो?" तानुबाईंनी विचारलं.

डॉ. कारखानीस मुलीच्या निळ्या पडलेल्या जिभेकडे पुन्हा वाकून बघू लागल्या. अशीच जीभ त्यांनी बावीस वर्षांपूर्वी एका गवंड्याची पाहिली होती. तो खडखडीत बरा होऊन घरी गेला. त्या अहवाल लिहायला बसल्या, तेव्हा मोठे डॉक्टर हसले होते. "एका रुग्णावर कसला लेख? दुसरा येऊ दे, मग लिही." पुढे केस पेपरही रद्दीत गेला.

"नाही, दुसरी," त्या म्हणाल्या.

"मग पहिल्याला काय दिलं होतं?"

तीन औषधं दिली होती. कारखानीसांना दोनच आठवत होती.