अनंतरावांची साखर

कोकिळाने दुसऱ्यांदा सुई टोचली आणि शीर पुन्हा निसटली.

"दुखलं काय, काका?"

"छे. तुझं चालू दे." उजव्या हातातल्या पुस्तकावरून अनंतरावांनी नजर हलवली नाही.

घाटंजीजवळच्या खेड्यात चौदा वर्षं आशाताई म्हणून राबलेली कोकिळा एकेचाळिसाव्या वर्षी नर्स व्हायला निघाली होती. अनुभवी आशाताईंसाठी यवतमाळात नवा कोर्स सुरू झाला होता. दोन वर्षांचं शिक्षण एका वर्षात. परीक्षेआधी तीस वेळा रक्त काढल्याची नोंद वहीत हवी, नाहीतर वर्ष वाया. पण कापूस वेचून राठ झालेल्या तिच्या बोटांना शीर लागत नसे. दवाखान्यातली माणसं तिला पाहताच बाही खाली ओढत. "थे झटपटवाली नोको बाप्पा मले," एक बाई तोंडावर म्हणाली होती.

अशात अनंतराव हे निवृत्त कारकून तिच्या टेबलाशी येऊन बसले होते. "मला साखर आहे. दर सोमवारी तपासावी लागते. तुला दवाखान्याबाहेरच्या बाकावर वाचत बसलेली पाहतो. तुझ्याकडेच येत जाईन."

ते आले. सोमवारमागून सोमवार. रिपोर्टचा कागद घडी करून पुस्तकात ठेवत. पान मात्र कधी उलटत नसत. केवढं अवघड पुस्तक असेल, असं कोकिळाला वाटे. चौथ्या सोमवारी तिच्या बोटाला शीर पहिल्याच फटक्यात लागली. हळूहळू अनंतरावांच्या मागे दुसरेही उभे राहू लागले. वही भरली.

निकालाच्या दिवशी ती पत्ता विचारत त्यांच्या घरी गेली. आरामखुर्चीत अनंतराव तेच पुस्तक वाचत होते. कोकिळाने वाकून नमस्कार केला आणि फुटाण्यांची पुडी पुढे केली.

"पास झाली मी, काका. तुमच्याच हातावर शिकली. तुमाले साखर हाये म्हून पेढे नाई आनले."

"साखर? यांना?" त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, चहात तीन चमचे लागते. आणि तपासणार कोण? सुई नुसती दिसली तरी घेरी येते यांना. सोमवारी तर हे वाचनालयात असतात."

अनंतरावांनी पुस्तक हळूच तोंडापुढे धरलं. त्याच्याआडून अवघडलेला आवाज आला.

"पेढे चालले असते."