बिनवासाचा रंग

"नाथूभाऊ, डबे उचला. काम थांबवा," नुरजहाँभाबी दारातूनच म्हणाल्या.

नाथू शिडीवर होता. मधल्या खोलीच्या तीन भिंती झाल्या होत्या. चौथीवरचा जुना ऑइलपेंट तो घासून काढत होता. आधी त्याला वाटलं, घरात कुणी आजारी पडलं असेल.

"काय झालं, भाबी?"

"तुमच्या डब्यावर नाव बिनवासाच्या रंगाचं आणि आत हलका माल, असं कळलंय. माझ्या नातीला, सुम्बुलला दमा हाय. मला धोका नको."

नाथू खाली उतरला. काही बोलणार तोच खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेपर्यंत भाबी आत निघून गेल्या होत्या.

सव्वीस वर्षं नाथू महाडात रंगकाम करत होता. राहायला पोलादपूरला, मूळचा कुडपणचा. दहा वर्षांपूर्वी एका घरी त्याने रंगवलेल्या खोलीत दुसऱ्याच दिवशी बाळंतिणीला निजवलं, खिडक्या लावून घेतल्या, आणि तान्ह्या बाळाचा श्वास कोंडला. बाळ वाचलं, पण नाथूने त्या दिवसापासून थिनरला हात लावला नाही. पाण्यात कालवायचा, वास न येणारा रंग तेवढा तो वापरी. लोकांना बजावून सांगे, "पंधरा दिवस खिडक्या उघड्या ठेवा. नव्या प्लायच्या कपाटांची दारं सताड उघडी टाका, त्यांच्या गोंदाचा वास छातीत बसतो." जुन्या रंगात शिसं असतं म्हणून तो घासताना दारांवर ओल्या चादरी बांधायचा, घरच्यांना बाहेर काढायचा आणि धुळीत एकटा उभा राहायचा, तोंडाला नुसता रुमाल गुंडाळून.

ज्या घरात लहान मूल किंवा दमेकरी, त्या घरात नाथूच हवा, असं महाडात म्हणत. त्याची सगळी कमाई ती एवढीच होती.

भाबींचं काम गेल्यावर आठवड्यात नाते गावच्या मास्तरांनी नकार कळवला. मग तुडील गावातल्या दोन घरांनी. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट, डब्यात भेसळ. बातमी कुठून आली, ते मात्र कुणी सांगेना.

डबे हाताळणारी माणसं दोनच. एक नाथू, दुसरा सुनील. सोळा वर्षांपासूनचा जोडीदार. गेल्या महिन्यापासून तोच म्हणत होता, "नाथूदा, आता बस कर. पुढची कामं मी बघतो." तेव्हा नाथूला ती माया वाटली होती. आता त्या बोलण्याचा अर्थ त्याला लागला.

त्याने सुनीलला भर बाजारात, रंगाच्या दुकानासमोर गाठलं.

"माझ्या ताटात जेवलास रे, आणि माझ्याच नावाला काळं फासलंस?"

"नाथूदा, काय बोलतोस तू? मी कुणाला काय सांगितलं?"

"माझी कामं पायजे होती तर मागायची होतीस. दिली असती मी."

सुनील पुढे झाला, त्याच्या दंडाला धरायला. नाथूने त्याचा हात झटकला आणि जमलेल्या माणसांदेखत त्याच्या पायाशी थुंकला. सुनीलने पाय मागे घेतला. मग तो वळून निघून गेला. पुढच्या पंधरवड्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं. नाथू गेला नाही.

घरी बसून बसून नाथूला दिवस खायला उठू लागले. त्याची बायको बयाबाई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अवो, चला कुडपणला. भावजी एकटे हायत. दोन म्हशी हायत, नाचणीचं रान हाय. पोटाला कमी नाय पडायचं."

"चोर म्हणून जाऊ गावाला? आधी त्याला उघडा पाडतो, मग बघू."

बयाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथू सीलबंद डबा खांद्यावर घेऊन महाडला उतरला. नुरजहाँभाबींच्या पडवीत त्याने तो ठेवला, त्यांच्यासमोर सील तोडलं आणि झाकण उघडलं.

"घ्या, भाबी, वास घ्या. सव्वीस वर्षांत मी जाणूनबुजून कुणाच्या लेकराच्या छातीशी खेळलो नाय. सुनीलनं माझा घात केलाय. हा बघा अर्ज. आता इथून सरळ पोलीस ठाण्यात जातो."

भाबींनी सुम्बुलला आत पाठवलं. डब्यात त्यांनी डोकावलंसुद्धा नाही.

"तो अर्ज फाडा, नाथूभाऊ. त्या माणसाचा यात हात नाय."

"मग कोणाचा?"

"रंग चांगला होता. सुम्बुल त्याच खोलीत झोपते, एकदाही दम्याचा पंप लागला नाय तिला. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

नाथूला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्याचा आवाज चढला. "ठाऊक होतं? आणि तरी माझ्या पोटावर पाय दिलात? मास्तरांना, तुडीलला..."

"मीच सांगितलं. फोन करकरून."

"का, भाबी? मी काय वाईट केलं तुमचं?"

भाबींनी पदराने डोळे टिपले.

"शपथ घातली होती मला, पण तुम्ही निरपराध माणसाला गजाआड पाठवायला निघालात. तुमच्या बयाबाई आल्या होत्या, डॉक्टरांचा कागद घेऊन. त्यात लिहिलं होतं, अजून एक हंगाम रंगाच्या धुळीत काढला तर छाती साथ देणार नाय. तुम्ही कुणाचं ऐकत नव्हता. माझे पाय धरून म्हणाल्या, 'त्यांचं नाव घालवा भाबी, पण माझा माणूस ऱ्हाऊ दे.'"