विमलसाठी स्पीकर

अमरावतीच्या बापूसाहेब वकिलांकडे रेडिओ ऐकायला रोज संध्याकाळी गल्ली जमायची. त्यांची तरुण विधवा लेक विमल मात्र चारचौघांत येत नसे. माजघरात एकटीच बसे. बापूसाहेबांना ते सलायचं. अखेर त्यांनी अकोल्याहून कारागीर बोलावला, तीन स्पीकर वाजवून पाहिले आणि सगळ्यांत गोड आवाजाचा तिच्यासाठी निवडला.

"भितीत बसवून देतो, वकीलसायेब. तिकडचं गानं ताईले इथंच ऐकू येईन," कारागीर म्हणाला.

विमल भिंतीवरच्या खडूच्या खुणेकडे पाहत राहिली.

"भिंत कशाला फोडता, बाबा? मधलं दार उघडं ठेवलं, तरी ऐकू येईल मला."

बापूसाहेबांनी नजर चुकवली आणि कारागिराला म्हणाले, "भोक पाड तू."