कॅसेटचे दात

बाबांनी व्हिडिओ गेमच्या कॅसेटचे स्क्रू काढून ती उघडली आणि सोमारीनं ओढणी नाकाला लावली. आतल्या पितळी पट्ट्यांवर, ज्यांना बाबा दात म्हणत, हिरवा गंज चढला होता. त्यात खर्र्यातल्या, म्हणजे चघळायच्या घोटलेल्या तंबाखूतल्या, सुपारीचा एक कण वाळून चिकटला होता.

"कोनाची आहे ही?"

"खदानीतल्या एका ड्रायव्हरच्या घरची. चालत नाई म्हणून सारं घर तिच्यात फुंक मारते. आजीपासून नातवापर्यंत." बाबा हसले.

सोमारी नागभीडच्या शाळेत शिकवायची. सुट्टीत घुग्घुसला आली की दुपारचा डबा बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात पोचवायची, पण तिथं तिला बसवत नसे. स्पिरिटचा वास, काउंटरवर कोळशाची काळी साय, आणि लोकांची थुंकी दिवसभर खोडरबरानं घासत बसलेले बाबा.

"फुंकलं का ओल जाते आत," ते म्हणाले. "ओलीनं आज चालते अन् सहा महिन्यानं मरते. लोकाले वाटते, आपल्या फुंकीतच जादू आहे."

कव्हरवरच्या चित्राला स्पिरिट लागू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर कागद गुंडाळला. चित्र गेलं की कॅसेटची किंमत गेली, हे ते प्रत्येक गिर्‍हाइकाला सांगत. मग दात बसवलेली आतली पट्टी धरून घासू लागले. यंदा त्यांचा हात कापायला लागला होता. पट्टी दोनदा सटकली. त्यांनी ती सोमारीपुढे केली.

"धर जरा, माय. दोन्ही हातानं."

तिचे हात ओढणीतच राहिले.

"मले किळस येते, बाबा."

"येतेच," बाबा म्हणाले. त्यांनी पट्टी दोन गुडघ्यांत दाबली, पाठीचा कणा पार वाकवला आणि खोडरबर चालवू लागले. बाबांनी डबा खायच्या आधीच ती घरी निघून आली.

दुसर्‍या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करता करता बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेरवी झाली आणि बाबांचा भाऊ, चैतूकाका, चंद्रपूरच्या एका दुकानदाराला घेऊन आला. दुकानदार सगळ्या कॅसेटी उचलायला तयार होता, फक्त एकेक चालवून दाखवा म्हणाला. सोमारीनं शटर उघडलं. धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत ठेवलेल्या कॅसेटी काका काढत गेला, दुकानातल्या टीव्हीला जोडलेल्या गेममध्ये लावत गेला. सगळ्या पहिल्या झटक्यात लागल्या.

बाबांच्या स्टुलाजवळ एक उघडी पडली होती. काकानं ती तशीच मिटवून लावली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. काकानं कॅसेट उपसली, खर्रा एका गालात सारला आणि तोंडाला लावून जोरात फुंकली. पुन्हा लावली. चित्र आलं.

"पाह्य, लागली," काका दुकानदाराला म्हणाला. "हेबी घ्या."

"ती आपली नाई, काका. ड्रायव्हरच्या घरची आहे."

"वारलूभाऊच्या दुकानात आहे तं आपलीच ना."

सोमारीनं कॅसेट ओढून काढली आणि उघडली. अर्धे दात चकचकीत होते, अर्धे हिरवे. चकचकीत दातांवर काकाच्या थुंकीचा ताजा, तपकिरी धागा लोंबत होता. ओढणीकडे गेलेला हात तिनं खाली घेतला आणि थुंकी अंगठ्यानं पुसली. अंगठा चिकट झाला. तिनं तो कशालाही पुसला नाही.

"शिकलेली पोरगी ना तू," काका म्हणाला. "कायले हात घालून राह्यली त्या घाणीत?"

तिनं स्टूल ओढून समोर घेतलं. त्यावर खोडरबर तसाच होता, एका कडेनं हिरवा झालेला. पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरून तिनं ती रिकाम्या स्टुलासमोर केली.

"घासा बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "मी धरते."