दातांतलं पाणी

"सांगून खोटं वाटेल, पण मेलेला माणूस मी नुसत्या जिभेनं ओळखलाय," धोंडूतात्या पेंढ्यात हापूस रचता रचता म्हणाले. शेडमधल्या बायका खिदळल्या.

"हसा! खाडीत मुडदा सापडला, गळा दाबलेला. नाव नाही, गाव नाही. साहेब म्हणाले, परदेशातून पोटासाठी आलेला दिसतोय. संध्याकाळपर्यंत कुणी ओळखला नाही तर तपास बंद, कायदाच तसा. मग त्याचे दात यंत्रात घातले. लहानपणी तो जे पाणी प्यायला, ते यंत्रानं हुबेहूब बनवलं आणि साहेबांनी बाटलीतून गावोगाव फिरवलं. ज्यानं त्यानं घोट घेतला आणि नाही म्हणून मान हलवली. मी घेतला आणि ओरडलोच, अहो, हे तर आमच्या देवळामागच्या विहिरीचं! आमचाच पोर हा, लहानपणी पळालेला असणार!"

"मग हो?"

"मग काय! गावचा माणूस म्हटल्यावर तपास बंद करायची कुणाची छाती? खुनी सापडला, आत गेला. अख्खं गाव स्मशानात आलं. पहिला खांदा माझा." तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "अशी जीभ जिल्ह्यात नाही."

पेटीला खिळे ठोकणारी मंदावहिनी थांबली.

"तात्या, ती विहीर खोदून दहा वर्षंसुद्धा झाली नाहीत. तो माणूस चाळिशीतला होता. साहेबाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललात तुम्ही!"