सतराव्या पानावरचं वॉर्निश

काकूंनी दार उघडलं आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बारा वर्षांनी! वाट चुकलास, की आज कुठे सापडली?"

"आबा आहेत?"

"जातात कुठे? ते आणि त्यांचे गुडघे, दोघंही घरातच असतात. ये."

त्याच्या हातात व्हायोलिनची पेटी होती आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही. पेटी त्याने सरळ टेबलावर ठेवली. वही मात्र काखेतून निघेना.

आबा खिडकीशी बसून व्हायोलिनची घोडी तासत होते, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडाची पट्टी. त्यांनी मान वर केली, त्याला ओळखलं आणि लगेच पुन्हा घोडीकडे बघू लागले. त्याला वाटलं, बरोबरच आहे. चोराचं तोंड कोण बघेल?

आबांच्या हाताखाली तो सात वर्षं होता. लाकूड निवडण्यापासून तारा चढवण्यापर्यंत आबांनी हातचं काही राखलं नव्हतं. राखलं ते फक्त वॉर्निश. दर रविवारी मागच्या शेडला आतून कडी लावून ते एकटेच जवसाचं तेल आणि राळ उकळत. त्या वासाने अख्खी गल्ली खोकायची. सोमवारी मात्र बरणीतून मधाच्या रंगाचं वॉर्निश बाहेर यायचं आणि वाद्यावर असं बसायचं, की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे व्हावा. कृती विचारली की आबा म्हणायचे, "वेळ आली की सांगीन." सात वर्षांत ती वेळ काही आली नाही. एका शनिवारी आबांचं कपाट उघडं राहिलं आणि सोमवारी तो कामावर आलाच नाही.

दुसऱ्या गावात जाऊन त्याने स्वतःचं दुकान थाटलं. वहीत एकतीस कृती होत्या. प्रत्येकीखाली तारीख आणि लाल पेन्सिलीची जाड रेघ. त्याने सतराव्या पानावरची निवडली, कारण तिथे रेघ दोनदा ओढलेली होती. आबांनी एवढी ठासून खूण केलीय म्हणजे हीच ती.

पहिला घाणा वाळेचना. दुसराही नाही. महिनाभर उन्हात टांगलेल्या व्हायोलिनवर बोटं उमटायची. त्याने तेल बदललं, आच कमी केली, राळेसाठी दहा दुकानं पालथी घातली. वहीत काही खोट असेल, हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. चोरून आणलेली विद्या अशी सुखासुखी थोडीच लागू पडणार, असं म्हणत तो स्वतःलाच शिव्या घालायचा. दोन वर्षांनी एकदाचं ते वाळलं. आणि वाळलं ते असं, की वादक म्हणू लागले, तुझ्या गुरूपेक्षाही सरस. हे ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता ज्या दुकानाची राळ शेवटी लागू पडली होती, ते बंद पडलं होतं आणि दुसऱ्या कुठल्याही राळेने वॉर्निश पुन्हा चिकट राहत होतं. आबा राळ कुठून आणायचे ते विचारायला हवं होतं. विचारायचं तर आधी वही पुढे करायला हवी. खरं म्हणजे राळ हे निमित्त होतं. या माणसाने तोंडाने एकदा 'जाऊ दे' म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता.

शेवटी त्याने वही काढली आणि आबांसमोर ठेवली.

"ही मी नेली होती, आबा."

"कसली वही?" काकूंनी मान लांब केली.

आबांचा हात थांबला. "तू चहा टाक जा. आणि दार लोटून घे."

"म्हणजे मी ऐकायचं नाही. बरं, बहिरी झाले समजा," म्हणत काकू आत गेल्या.

"चुकलो, आबा. तुमची जन्माची कमाई मी चोरली. तुम्ही चार लोकांत माझं नाव घेतलं असतंत, तर कुठे काम मिळालं नसतं मला."

"नाही घेतलं नाव."

"म्हणूनच जास्त लाज वाटते."

आबांनी बोटाने पेटी दाखवली. त्याने व्हायोलिन काढून दिलं. आबांनी ते खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं, मानेच्या मुळाशी नख दाबून पाहिलं, वास घेतला. नख उमटलं नाही.

"हे तू स्वतः उकळलंस?"

"मग काय विकतचं लावीन? तुमच्या हाताखाली शिकलोय मी."

आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. राग आलाय, त्याने ओळखलं.

"कुठलं पान?"

"सतरावं."

"खोटं बोलू नकोस."

"आता इथे येऊन कशाला खोटं बोलू? आबा, राळ कुठून आणायचात, तेवढं सांगा. नका सांगू हवं तर. पण जाऊ दे म्हणा. मला झोप लागत नाही हो."

आबांनी मान वळवून दार नीट लोटलेलं आहे ना, ते पाहिलं. मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"मला वाटलं, वही वाचून तुला माझी लायकी कळली आणि तू निघून गेलास. त्या रेघा म्हणजे घाणा बिघडल्याची खूण, बाळा. एकतीसच्या एकतीस बिघडले. बरणीत असायचं ते दुकानातलं, डब्यातलं. हे हिलासुद्धा माहीत नाही." त्यांची नजर जमिनीवरून वर उठेना. "सतरावं वाळवलंस कसं, ते मला शिकवशील?"