शून्य तक्रारी

इंटरनेट कंपनीतल्या नेटवर्क इंजिनिअरने जिवाचं रान करून सोमवारी नवा फिल्टर बसवला. ग्राहकाच्या घरून वायरलेसवर निघालेलं डेटाचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक तुकडा, टॉवरवर अडवायचं, कुठे चाललंय ते बघायचं, ते ठिकाण मंजूर यादीत असेल तर सोडायचं आणि नसेल तर गुपचूप टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला साधं उत्तरसुद्धा नाही. शुक्रवारपर्यंत तक्रारींचा आकडा दिवसाला चारशेवरून शून्यावर आला. साहेबांनी केक मागवला आणि इंजिनिअरचा फोटो नोटीस बोर्डावर लावला.

संध्याकाळी तो घरी पोचला, तर सासूबाई तोंड फुगवून बसलेल्या. "जावईबापू, माझी नेटवरची मालिका सोमवारपासून बंद आहे. तुमच्या कंपनीच्या साइटवर रोज तक्रार टाकायला जाते, तर नुसतं चाक फिरत बसतं."

त्याने लॅपटॉप उघडून यादी तपासली. मंजूर यादीत कंपनीचं स्वतःचं तक्रारीचं पानच टाकायचं राहिलं होतं.

शनिवारी सकाळी तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. "साहेब, तक्रारी थांबलेल्या नाहीत, आपल्यापर्यंत पोचतच नाहीयेत. पाच मिनिटांत यादी दुरुस्त करतो."

साहेबांनी उठून दार लोटलं. "असं कोणी तोंडी सांगितलं म्हणून यादीला हात लावता येत नाही. तक्रारीच्या पानावर रीतसर नोंद कर."

"पण तेच पान उघडत नाही ना, साहेब."

"मग तक्रार आहे कुठे?" साहेब म्हणाले आणि त्यांनी कालचा उरलेला केक त्याच्यापुढे सरकवला.